मुजरा, जोडा आणि पाठ

दुसऱ्याच्या घरीं गेलेला जुन्या काळचा इंग्रज गृहस्थ दारांतच डोक्यावरची टोपी काढून हातांत घेई, आणि पायांतले बूट मात्र तसेच ठेवून आंत जाई. त्याच काळीं पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या वाड्यांत जाणारा आपला गृहस्थ उंबऱ्याबाहेर जोडा काढी, आणि डोक्यावरचें पागोटें नीट बसलें आहे ना हें चांचपून मगच बैठकीवर पाऊल टाकी. एकानें डोकें उघडें केलें व पाय झांकलेले ठेवले. दुसऱ्यानें पाय उघडे केले व डोकें झांकलेलें ठेवलें. दोघांच्याहि मनांत भाव एकच होता, आणि तो म्हणजे यजमानाविषयींचा आदर. पण ह्या दोघांना एकाच दिवाणखान्यांत समोरासमोर उभें करा. पहिला म्हणेल कीं हा मनुष्य डोक्याचें आच्छादन न काढतां माझ्यापुढें आला. आणि दुसरा म्हणेल कीं ह्यानें रस्त्याची घाण माझ्या बिछायतीवर आणली, आणि वर सुतक पडल्यासारखा बोडक्या डोक्यानें बसला!

परकी भाषा कानांवर पडली म्हणजे ती आपल्याला समजत नाहीं, एवढें तरी ऐकणाराला समजतें. देहाच्या खुणांचें तसें नाहीं. परक्याची खूण पाहणारा तिचा अर्थ स्वतःच्याच कोशांत शोधतो. अर्थ ताबडतोब सांपडतो, आणि पुष्कळदां तो चुकीचा असतो. ह्याचें कारण असें कीं ह्या खुणा केव्हां शिकल्या हें कोणालाच आठवत नाहीं. बोबडें बोलतां येण्यापूर्वींच आजीनें मांडीवर घेऊन, चिमुकले तळवे एकमेकांस जुळवून, देवाला 'जेजे' करावयास लावलेलें असतें. शाळेंत जाऊन शिकलेलें व्याकरण माणूस विसरतो. हें मांडीवरचें व्याकरण विसरत नाहीं, आणि म्हणून तें भूक-तहानेसारखें उपजतच आहे असें त्याला जन्मभर वाटत राहतें.

घरांतल्या व गांवांतल्या ह्या खुणांची नोंद सहसा कोणी ठेवली नाहीं. नोंद राहिली ती दरबारांतल्या खुणांची. हात किती खालीं गेला, पाऊल कोठवर आलें, कोण उभा राहिला आणि कोण बसला, ह्यांवर तेथें जहागिरी आणि कधीं कधीं प्राणहि अवलंबून असत. म्हणून ह्या विषयाचा इतिहास पाहावयाचा तर दरबाराच्याच दारानें आंत शिरावें लागतें.

अकबराच्या दरबारांतील अभिवादनाचे नियम अबुल फजलनें 'आईन-इ-अकबरी' ह्या ग्रंथांत नमूद करून ठेवले आहेत, आणि नुसते नियमच नव्हे तर त्यांचे अर्थहि दिले आहेत. उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून मस्तक लवविणें ह्याला 'कुर्निसात' म्हणत. बुद्धीचें व इंद्रियांचें स्थान जें मस्तक, तें सेवकानें नम्रतेच्या हातावर ठेवून दरबाराला नजर केलें, असा त्याचा भाव. 'तसलीम' ह्याहून लांब. उजव्या हाताची पालथी बाजू जमिनीला टेकवावयाची, मग हात सावकाश वर आणीत ताठ उभें राहावयाचें आणि तळवा माथ्यावर ठेवावयाचा. म्हणजे हा सेवक स्वतःला ओंवाळून टाकण्यास सिद्ध आहे. मनसब, जहागीर, पोषाख, हत्ती अथवा घोडा मिळाला तर तसलीम तीनदां, एरवीं एकदां. जमिनीवर मस्तक टेकण्याचा जो 'सिजदा', तो परमेश्वरावांचून इतर कोणापुढें करूं नये असें धर्मनिष्ठ मुसलमानांचें मत होतें. म्हणून अकबरानें तो भर दरबारांत करूं दिला नाहीं, खासगींत चालूं दिला. आणि त्याचा नातू शहाजहान ह्यानें १६२८ सालीं तख्तावर येतांच तो साफ बंद केला. एकाच घराण्यांत, तीन पिढ्यांच्या आंत, एकाच खुणेचें वजन असें बदलत गेलें. आपला मराठी मुजरा ह्याच कुळांतला. कमरेंत लवून उजवा हात खालीं न्यावयाचा व कपाळाकडे आणावयाचा, तो तीन वेळां. शब्दहि अरबी, फारशीच्या वाटेनें आलेला. जुन्या जमाखर्चांत 'मुजरा' म्हणजे एका रकमेंतून दुसरीची वजावट. आणि दरबारी मुजऱ्यांतहि देण्याघेण्याचा हिशेब नसे असें कोणीं म्हणावें!

ह्या पद्धतीशीं परक्याची गांठ कशी पडली ह्याचें एक उत्तम उदाहरण बऱ्हाणपूरचें आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरास निघाला असतां १६१५ सालच्या नोव्हेंबरांत बऱ्हाणपुरास थांबला. तेथें जहांगीरचा मुलगा परवेझ सुभेदारीवर होता. दरबारांत जातांना कोतवालानें रोला सांगितलें कीं टोपी काढून जमिनीला मस्तक लावावें लागेल. रोनें उत्तर दिलें कीं तो शहाजाद्याच्या भेटीस सन्मानानें आला आहे, चाकरांची रीत त्याला लागू नाहीं. पुढें जाऊन त्यानें आपल्या देशाच्या रीतीनें नमन केलें, तें चाललें. मग त्यानें बसावयास खुर्ची मागितली! तेथें त्या ठिकाणीं कोणीहि कधीं बसलेला नव्हता. खुर्ची मिळाली नाहीं. पण मेहेरबानी म्हणून रुप्यानें मढविलेल्या एका खांबाला टेकून उभें राहण्याची परवानगी मिळाली. ह्या लहानशा प्रसंगांत मोगलांचें औदार्य दिसतें तसाच रोचा धोरणीपणाहि दिसतो. व्यापाराची सनद मागावयास आलेला हा मनुष्य सनदेआधीं स्वतःच्या मानेचा सौदा करीत होता. ज्याची रीत दुसऱ्याला शिकावी लागते तो वरचढ, हें त्यानें पुरतें ओळखलें होतें. त्याच्या देशबांधवांनीं पुढें अडीचशें वर्षांनीं हाच न्याय कसा उलटा फिरविला, तें पुढें येईलच.

खांबाला टेकून उभें राहण्याचीहि ज्या दरबारांत मेहेरबानी समजत, त्याच दरबारांत १२ मे १६६६ रोजीं शिवाजीमहाराज खालीं बसले.

आग्र्याचा हा प्रसंग महाराष्ट्रांत लहान मुलांनाहि ठाऊक आहे. पण त्याची जी हकीकत जयपूरच्या दप्तरांत सांपडलेल्या राजस्थानी पत्रांतून मिळते, ती वाचतांना एक गोष्ट विशेष लक्षांत येते. त्या दिवशीं दरबारांत शब्द फार थोडे बोलले गेले. जें झालें तें बहुतेक सारें उभें राहणें, पाहणें, न पाहणें, वळणें आणि बसणें ह्यांनींच झालें. बादशहाचा तो वाढदिवस. महाराज आग्र्यांत पोंचावयास उशीर झाला. आम दरबार संपून बादशहा दिवाण-इ-खासांत जाऊन बसला होता. महाराजांना पुढें नेण्यांत आलें. त्यांनीं नजर ठेवली, निसार ओंवाळला. बादशहा त्यांच्याशीं एक शब्दहि बोलला नाहीं. मग त्यांना मागें नेऊन सरदारांच्या रांगेंत उभें करण्यांत आलें. वाढदिवसाचे विडे वांटले गेले, पोषाख वांटले गेले. शहाजाद्यांना मिळाले, वजिराला मिळाला, जसवंतसिंगाला मिळाला. महाराजांना पोषाख मिळाला नाहीं.

बादशहाचें तें मौन हीहि एक खूणच होती. तख्तावर बसलेल्यानें पाहिलें न पाहिल्यासारखें करणें ही दरबारांतली मोठी शिक्षा. आणि औरंगजेबासारखा शब्दांचा काटकसरी बादशहा ती नकळत देईल हें संभवत नाहीं. महाराजांना ती समजली. बखरीवरून असें दिसतें कीं पुढच्या रांगेंत जसवंतसिंग उभा आहे हें कळल्यावर त्यांना अधिकच संताप आला. ज्याची पाठ मराठी फौजेनें रणांत पाहिली, त्याच्याच पाठीमागें उभें राहण्याची पाळी आली होती. राजस्थानी पत्रांत तर त्यांचे डोळे भरून आले, तें बादशहाच्या ध्यानांत आलें आणि त्यानें कुंवर रामसिंगाला चौकशी करावयास सांगितलें, असें आहे. महाराजांनीं रामसिंगाला भर दरबारांत सुनावलें कीं, आपण कशा प्रकारचा माणूस आहों हें त्यानें, त्याच्या बापानें आणि त्याच्या बादशहानें पाहिलेलें असूनहि आपल्याला जाणूनबुजून इतका वेळ तिष्ठत ठेवलें. ही मनसब नको. एवढें बोलून ते वळले आणि तख्ताकडे पाठ करून चालूं लागले. रामसिंगानें हात धरला, तो त्यांनीं हिसडून टाकला, आणि एका बाजूला जाऊन ते बसले.

ह्या कृतींचा अर्थ नीट समजावा म्हणून थोडें थांबलें पाहिजे. मोगल दरबारांतून परततांना तोंड तख्ताकडेच ठेवून मागें सरावयाचें असे; पाठ दाखविणें म्हणजे बादशहा तेथें नाहींच असें म्हणणें. बसणें तर त्याहून भयंकर. राजे-महाराजे व उमराव प्रहर प्रहर उभे राहत. तेव्हां पाठ फिरवून मग खालीं बसणें, ह्या दोन हालचालींत महाराजांनीं बादशहाचें तख्त आणि त्याच्या उमरावांची रांग हीं दोन्हीं एकदमच नाकारलीं. मागाहून बादशहानें सरदारांच्या हातीं पोषाख पाठविला, तो त्यांनीं घेतला नाहीं. बादशहाचा पोषाख अंगावर चढविणें म्हणजे त्याच्या शरीराचा एक अवयव होणें, असा त्या काळचा समज होता.

आतां बादशहाला समजावतांना दरबाऱ्यांनीं काय सांगितलें? त्यांनीं सांगितलें कीं हा दक्षिणेकडचा मनुष्य आहे, त्याला दरबारी रीतिरिवाज ठाऊक नाहींत, उष्म्यानें त्याची प्रकृति बिघडली. म्हणजे ज्यानें ती दरबारी भाषा इतक्या नेमकेपणानें वापरली, त्याला ती येतच नाहीं असें ठरवून त्याचा जीव वांचविण्याचा प्रयत्न झाला. अज्ञानाची ही सबब लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ती पुन्हा एकदां येणार आहे.

आठ वर्षांनीं रायगडावर चित्र पालटलें. ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेकाच्या सिंहासनापुढें इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन उभा होता. तो दूर उभा राहून आपल्या रीतीनें लवला, आणि त्याचा दुभाष्या नारायण शेणवी ह्यानें नजराण्याची हिऱ्याची आंगठी महाराजांना दिसावी म्हणून हात उंच करून धरली. महाराजांनीं तत्काळ पाहिलें आणि त्यांना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत जवळ बोलावून पोषाख दिले. ज्याला आग्र्यांत पाहूनहि न पाहिल्यासारखें केलें होतें, त्याला पाहण्याची किंमत कळली होती.

मराठी दरबारांतहि खुणांचा खेळ कांहीं साधा नव्हता. १७९२ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस महादजी शिंदे उत्तर हिंदुस्थानांतून पुण्यास आला. दिल्लीचा बादशहा त्याच्या मुठींत होता. पेशव्यांसाठीं वकील-इ-मुतलकीची सनद तो बरोबर घेऊन आला होता. त्याच्या कवायती पलटणींचा दरारा सर्वत्र पसरला होता. असा हा पुरुष अठरा वर्षांच्या सवाई माधवरावांपुढें गेला तो हत्तीवरून आधींच उतरून, आणि सर्व मानकऱ्यांच्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बसावयास सांगितलें तरी बसला नाहीं. कांखेंतलें एक गाठोडें सोडून त्यानें नव्या जोड्यांचा एक जोड काढला, तो श्रीमंतांपुढें ठेवला, त्यांचे वापरलेले जोडे त्या गाठोड्यांत बांधले, आणि हेंच आपलें व आपल्या बापाचें काम असें म्हणून गाठोडें पुन्हा कांखेंत मारलें. महादजीचा बाप राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळीत असतां पुढें आला, अशी आख्यायिका होती. तिला हा इशारा होता. ग्रँट डफनें ही हकीकत दिली आहे. ह्या नम्रतेनें नाना फडणीस फसला असेल असें वाटत नाहीं. दरबारांत सर्वांत खालीं उभें राहणें ज्याला परवडतें, त्याच्यापाशीं उंचीची काय कमतरता! तरीहि ह्या देखाव्यांत केवळ ढोंगच होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. बादशाही किताब मिळाले तरी स्वतःला 'पाटील' म्हणवून घेण्याची आवड महादजीला अखेरपर्यंत होती.

येथवर गोष्ट झाली ती राजेरजवाड्यांची. पण हात किती उंच न्यावा आणि तोंडानें काय म्हणावें, ह्यांचे निर्बंध गांवच्या चव्हाट्यावर दरबाराइतकेच कडक होते, आणि ते परक्यांनीं लादलेले नव्हते. नमस्कार, आशीर्वाद, दंडवत, रामराम, सलाम, जोहार ह्यांपैकीं कोणीं कोणाला कोणता शब्द लिहावा व म्हणावा हें जातीवरून ठरलेलें होतें. मराठा सरदार ब्राह्मणाला दंडवत लिही. त्याला परत आशीर्वाद येई. सोनार ज्ञातीचे लोक एकमेकांस नमस्कार करूं लागले तेव्हां त्यावरून ब्राह्मणांशीं वाद उत्पन्न झाला, आणि तो इतका वाढला कीं ९ ऑगस्ट १७७९ रोजीं मुंबईच्या इंग्रज कौन्सिलानें ठराव करून त्यांना नमस्काराची मनाई केली. त्याच सालच्या जानेवारींत वडगांवीं मराठ्यांनीं इंग्रजांना शरण आणलें होतें. राज्याचें भांडण पेटलेलें असतां कोणीं कोणाला हात जोडावे ह्या बाबतींत मात्र मुंबईचे टोपीकर येथल्या रूढीच्या बाजूनें उभे राहिले! पुढें ह्या मनाईचें काय झालें तें श्रोते स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत आहेत. २०२० सालीं साथीच्या भयानें हस्तांदोलन बंद पडलें तेव्हां फ्रान्सच्या अध्यक्षांनीं स्पेनच्या राजाचें पॅरिसमध्यें स्वागत केलें तें दोन्ही हात जोडून.

'जोहार' ह्या शब्दाची गोष्ट अधिक कठीण आहे. महारानें पाटलाला दुरून, लवून जोहार घालावयाचा, ही रीत शतकानुशतकें चालली. त्या शब्दांत आणि त्या लवण्यांत भूमीवर कोणाची किती सत्ता हें रोजच्या रोज सांगितलें जाई, आणि सांगणाराच्या तोंडूनच सांगविलें जाई. विसाव्या शतकांत डॉ. आंबेडकरांच्या चळवळींतून 'जय भीम' हा शब्द निघाला. तो म्हणतांना मान ताठ असते, आणि म्हणणारा व उत्तर देणारा एकच शब्द उच्चारतात. दंडवताला आशीर्वाद, जोहाराला नुसती मान हलविणें, अशी उतरंड त्यांत नाहीं. कायद्याच्या पुस्तकांत जी समता येण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं, ती ह्या अभिवादनांत आधीं येऊन बसली.

आतां जोड्याकडे वळूं. आपल्याकडे जोडा बाहेर काढण्याचें मूळ बैठकींत आहे. जेथें जमिनीवर बिछायत घालून बसावयाचें, जेवावयाचें व लिहावयाचें, तेथें चामड्याचा व धुळीचा स्पर्श नको, हा सरळ व्यवहार. त्याला आदराचा अर्थ मागाहून चिकटला. कंपनीचें राज्य स्थिर झाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनीं तो अर्थ उचलला आणि कारण सोडून दिलें. कचेरींत टेबल आलें, खुर्ची आली, बिछायत गेली. पण साहेबापुढें येणाऱ्या एतद्देशीयानें जोडा काढलाच पाहिजे हा नियम राहिला. साहेबांचा युक्तिवाद असा कीं जोडा काढणें हीच येथली आदराची रीत. ती न पाळणें म्हणजे अनादर. स्वतः साहेब मात्र येथल्या लोकांच्या घरीं बूट घालून जात. बऱ्हाणपुरास आपल्या देशाची रीत पुरे असें म्हणणाऱ्यांचे हे वंशज!

मग १८५४ सालीं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलानें एक सवलत दिली. विलायती पद्धतीचे बूट व मोजे घालणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांनीं सरकारी व निमसरकारी प्रसंगीं ते काढण्याची गरज नाहीं. देशी जोडा मात्र काढावा लागेल. वीस वर्षांनीं ही सवलत न्यायकचेऱ्यांनाहि लागू झाली. म्हणजे पाय तेच, मनुष्य तोच, पण पायांतलें चामडें विलायती बेताचें शिवलेलें असेल तर तो सन्मान्य. पुणेरी जोडा असेल तर तो उंबऱ्याबाहेर. मधल्या काळांत, १८६२ सालीं, सुरतेच्या फौजदारी अदालतींत असेसर म्हणून आलेल्या एका पारशी गृहस्थानें जोडा काढण्याचें नाकारलें, आणि त्यावरून अर्जविनंत्यांचें मोठें प्रकरण झालें. त्याचें म्हणणें वाजवी होतें. न्यायाला मदत करावयास बोलाविलेल्या माणसानें न्यायाधीशासमोर एक पायरी खालीं उतरून कां बसावें?

ह्याच जोड्यानें ब्रह्मदेशांत राज्याराज्यांतलें बोलणें बंद पाडलें. ब्रह्मी लोकांत राजापुढें जातांना पादत्राण काढावयाचें आणि पाय मागें दुमडून जमिनीवर बसावयाचें. पायाचा तळवा राजाकडे होणें हा मोठा अपमान. इंग्रजांचे वकील ही रीत कुरकुरत पण पाळीत आले होते. घट्ट पाटलोणींत पाय दुमडून बसतांना त्यांची जी त्रेधा होई, तिची वर्णनें त्यांनींच लिहून ठेवलीं आहेत. १८५५ सालीं आर्थर फेअर ह्यानेंहि अमरपुरास जोडा काढला. परंतु १८७५ सालीं सर डग्लस फॉर्सिथ मंडालेहून परत आल्यावर हिंदुस्थान सरकारनें ठरविलें कीं ह्यापुढें इंग्रज वकिलानें जोडा काढूं नये. मिंडान राजा आपली रीत सोडीना. परिणाम असा झाला कीं मंडालेस इंग्रज रेसिडेंट राहत असूनहि त्याची व राजाची भेट होईना. १८७८ सालीं मिंडान वारला, पुढच्या वर्षीं रेसिडेंट परत गेला, आणि १८८५ सालीं युद्ध झालें. तें युद्ध जोड्यासाठीं झालें असें म्हणणें बालिशपणाचें ठरेल. सागवानाचा व्यापार, त्या व्यापारांतल्या कंपनीला झालेला दंड, आणि फ्रेंचांची भीति, हीं त्याचीं मोठीं कारणें होतीं. पण समोरासमोर बसून बोलण्याची एक वाट दहा वर्षें बंद होती, आणि ती जोड्यानें बंद केली होती, हेंहि खरें आहे.

त्या युद्धांत पदच्युत झालेला थिबा राजा १८८६ सालीं रत्नागिरीस आणला गेला. ज्या राजवाड्यांत आज लोक थिबाचा राजवाडा म्हणून पाहावयास जातात, तो १९१० सालीं पुरा झाला. तोंवर राजा बंगल्यांतच राही. त्या राजवाड्यांत सहा वर्षें राहून १९१६ च्या डिसेंबरांत तो वारला, आणि त्याची समाधि रत्नागिरींतच आहे. मायदेशीं मात्र जोड्याचा प्रश्न संपला नव्हता. युरोपियन लोक बौद्ध मंदिरांच्या आवारांत बूट घालून फिरत; त्याविरुद्ध ब्रह्मी तरुणांनीं चळवळ केली, आणि १९१९ सालीं आपल्या मंदिरांत येणाऱ्यांनीं काय पाळावें हें ठरविण्याचा अधिकार सरकारनें तेथल्या मुख्य भिक्षूंना दिला. राजा गमावलेल्या लोकांनीं आपला उंबरा तेवढा परत मिळविला.

थिबा रत्नागिरीस असतांनाच, १२ डिसेंबर १९११ रोजीं, पंचम जॉर्ज बादशहाचा दिल्ली दरबार भरला. दरबार हें नांवच मोगलांचें, जागा मोगलांच्या राजधानीबाहेरची, आणि बादशहाकडे तोंड ठेवून मागें सरण्याची रीतहि तीच. इंग्रजांनीं ती आपल्याच राजवाड्यांतली म्हणून आणली. मोगलांना ती आपली वाटली असती. संस्थानिक एकेक पुढें येऊन लवत होते. पहिला मान निजामाचा, दुसरा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांचा. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरांतून दत्तक आलेले. ते पुढें आले ते साध्या पांढऱ्या वेषांत, जडजवाहीर उतरवून, हातांत छडी घेऊन. एकदां लवले, थोडे मागें सरले, आणि मग बादशहाकडे पाठ करून चालते झाले.

गहजब उडाला. इंग्रजी वर्तमानपत्रांनीं हा राजद्रोह ठरविला. बडोद्याकडे सरकारची नजर आधींपासूनच वांकडी होती. अरविंद घोष कित्येक वर्षें त्याच संस्थानाच्या नोकरींत होते. सयाजीरावांकडून व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज ह्यांना खुलाशाचें व दिलगिरीचें पत्र गेलें आणि तें प्रसिद्ध झालें. त्यांतला आशय असा कीं आपला क्रम दुसराच असल्यामुळें पुढें गेलेल्यांची पद्धत नीट पाहावयास मिळाली नाहीं, आणि त्या क्षणीं गोंधळ झाला. दोनशें पंचेचाळीस वर्षांनीं तीच सबब: रीत ठाऊक नव्हती! आग्र्यास ती दुसऱ्यांनीं सांगितली होती. दिल्लीस ज्याची त्यालाच लिहून द्यावी लागली. तें पत्र खरें होतें कीं केवळ गादी राखण्यासाठीं होतें, ह्याविषयीं त्या दिवसापासून दोन मतें आहेत. महाराष्ट्रांत व गुजराथेंत पुष्कळांनीं त्या पाठीचा अर्थ आपल्या मनासारखा लावला व ते सुखावले. लंडनमध्यें पुष्कळांनीं तोच अर्थ लावला व ते संतापले.

आग्र्याच्या प्रसंगाचें चित्र कोणीं काढून ठेवलेलें नाहीं. पत्रांवर भागवावें लागतें. दिल्लीच्या दरबाराचें मात्र चलच्चित्र घेतलें गेलें आणि तें आजहि पाहावयास मिळतें. पांढरा अंगरखा, हातांतली छडी, झटकन लवलेलें मस्तक, मागें घेतलेलीं दोनचार पावलें आणि वळलेली पाठ, एवढें सारें कांहीं क्षणांत होऊन जातें. सयाजीरावांनीं त्यानंतर १९३९ सालापर्यंत राज्य केलें.